वेड्यावाकड्या चौकोनाची फरसबंदी

सातारा शहरात एखाद्या नव्या पदपथावरून किंवा गृहसंकुलाच्या आवारातून चालताना पायाखाली बहुधा पेव्हर ब्लॉक असतात. कुठे ते साधे आयताकृती असतात, कुठे षट्कोनी, तर कुठे नागमोडी कडांचे आणि एकमेकांत अडकणारे. आकार कोणताही असला तरी दोन ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा राहत नाही आणि एक ठोकळा दुसऱ्यावर चढत नाही. एकाच किंवा मोजक्या आकारांच्या तुकड्यांनी सपाट पृष्ठभाग अशा रीतीने सर्व दिशांना हवा तितका दूरवर झाकत जाणे, यास गणितात टेसेलेशन म्हणतात. साध्या बोलीत त्याला फरसबंदी म्हणता येईल आणि या लेखात बहुतेक ठिकाणी तोच शब्द वापरला आहे.

सहावी ते आठवीच्या वर्गांत हा विषय आलाच तर तो चित्रकलेच्या तासाला येतो. शिक्षक एकमेकांत गुंतलेल्या सरड्यांचे किंवा माशांचे तयार चित्र दाखवतात, मुले ते गिरवतात, रंगवतात आणि भिंतीवर लावतात. चित्र देखणे होते. परंतु हाच सरडा का बसला आणि आपण मनाने काढलेला दुसरा सरडा का बसला नसता, हा प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही. हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. आधी कोणतेही सौंदर्य नसलेला, चारही बाजू असमान असलेला एक वेडावाकडा चौकोन मुलांच्या हाती द्यावा, तो का बसतो हे त्यांना हातांनी आणि कोनांनी कळू द्यावे आणि मगच सरड्याकडे जावे. त्या चौकोनापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र थोडी पूर्वतयारी लागते.

साहित्याबाबत एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. पातळ कागदावर कापलेले तुकडे मुडपतात, सरकतात आणि पंख्याच्या वाऱ्याने उडतात. जाड कार्डशीट उत्तम; परंतु त्याहून सोयीची वस्तू प्रत्येक घरात पडून असते आणि ती म्हणजे जुनी लग्नपत्रिका. ती जाड असते, तिच्यावर पेन्सिलीने आखता येते आणि तिची एक बाजू छापील, दुसरी कोरी असते. तुकडा सुलटा आहे की उलटा, हे लांबून ओळखता येणे पुढे फार उपयोगी पडणार आहे. तुकड्याची प्रत्येक बाजू साधारण ४ ते ६ सेंटीमीटर असावी. आधी एक नमुना काळजीपूर्वक कापावा आणि बाकीचे सर्व तुकडे त्याच नमुन्यावरून आखावेत. नव्या तुकड्यावरून पुढचा तुकडा आखल्यास चूक वाढत जाते. प्रत्येक तुकड्यात अर्धा मिलिमीटर फरक राहिला तरी दहा तुकड्यांच्या ओळीत तो ५ मिलिमीटर होतो आणि मग जी फट दिसते ती आकाराची आहे की कात्रीची, हे कोणालाच सांगता येत नाही.

पहिल्या तासिकेसाठी कात्रीचीही गरज नाही, कारण ठिपक्यांची रांगोळी पुरते. '७ ते ४' ठिपके म्हटले की मुलींना, आणि आता अनेक मुलांनाही, काय करायचे ते नेमके माहीत असते: मधल्या ओळीत ७ ठिपके, तिच्या वर आणि खाली ६, मग ५, मग ४, आणि प्रत्येक ठिपका अलीकडच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मधोमध. असे एकूण ३७ ठिपके होतात. प्रत्येक ठिपका त्याच्या जवळच्या सर्व ठिपक्यांना जोडला की ५४ लहान त्रिकोण तयार होतात, आणि एखाद्या आतल्या ठिपक्याभोवतीचे सहा त्रिकोण एकत्र पाहिले की त्यांतून षट्कोन डोके वर काढतो. कागदावर हे काढताना ठिपक्यांमध्ये २ सेंटीमीटर अंतर घेतल्यास दोन ओळींमधील अंतर सुमारे १.७ सेंटीमीटर घ्यावे लागते, तरच त्रिकोण समभुज होतात. ओळींमध्येही २ सेंटीमीटर घेतले तर त्रिकोण थोडे उंच होतात. तरीही त्यांची फरसबंदी मोडत नाही. ती का मोडत नाही, हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. त्याचे उत्तर पुढे येणार आहे.

आता सुसम आकारांकडे वळू, म्हणजे ज्यांच्या सर्व बाजू आणि सर्व कोन समान आहेत असे आकार. मुलांच्या गटांना समभुज त्रिकोण, चौरस, सुसम पंचकोन, षट्कोन आणि अष्टकोन यांचे तुकडे वाटून द्यावेत आणि कोणता आकार एकट्याने जमीन झाकतो ते पाहण्यास सांगावे. त्रिकोण, चौरस आणि षट्कोन यांचे गट लगेच पुढे जातात. पंचकोनाचा गट अडतो आणि 'बाई, ह्यो बसंना' अशी तक्रार ऐकू येते. येथे शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये. पंचकोनाचे तीन तुकडे एका बिंदूभोवती जुळवून ठेवावेत आणि उरलेली फट कोनमापकाने मोजण्यास सांगावे. ती ३६ अंशांची भरते.

हा आकडा कोठून आला, हे शोधणे हाच खरा धडा आहे. पंचकोनाच्या एका शिरोबिंदूतून कर्ण काढले की त्याचे तीन त्रिकोण होतात. म्हणून त्याच्या कोनांची बेरीज ५४० अंश आणि सुसम पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंश. तीन कोन मिळून ३२४ होतात आणि एका बिंदूभोवतीची पूर्ण फेरी ३६० अंशांची असते, म्हणून ३६ उरतात. तेवढ्यात चौथा तुकडा मावत नाही. याच हिशेबाने समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश म्हणून सहा तुकडे, चौरसाचा ९० म्हणून चार, षट्कोनाचा १२० म्हणून तीन. सात किंवा त्याहून अधिक बाजूंच्या सुसम आकाराचा कोन १२० हून मोठा आणि १८० हून लहान असतो. त्यामुळे एका बिंदूपाशी दोन तुकडे ठेवले तर फट राहते आणि तिसरा ठेवायला गेले तर तो चढतो. म्हणून एकट्याने जमीन झाकणारे सुसम आकार तीनच आहेत, चौथा कधीही सापडणार नाही. एखादा चौकस विद्यार्थी येथे विटांच्या भिंतीची शंका काढील, कारण भिंतीत एका विटेचा कोपरा दुसऱ्या विटेच्या बाजूच्या मध्ये येतो. शंका रास्त आहे. तशा ठिकाणी बिंदूभोवती ३६० ऐवजी १८० अंशच भरायचे असतात आणि ते फक्त ६० आणि ९० या कोनांनी भरतात, त्यामुळे यादीत नवा आकार येत नाही.

या तीन आकारांपैकी काटकसरीचा कोणता, हाही एक चांगला प्रश्न आहे आणि तो साताऱ्याच्या मुलांना दूरचा वाटू नये. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले आहे आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा या भागातील अनेक मुलांनी हातात घेतलेला असतो. १०० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाच्या त्रिकोणाची परिमिती सुमारे ४५.६ सेंटीमीटर, चौरसाची ४० आणि षट्कोनाची सुमारे ३७.२ सेंटीमीटर येते. म्हणजे तेवढीच जागा वेढायला षट्कोनाला सर्वांत कमी भिंत लागते. केवळ या तिघांतच नव्हे, तर समान क्षेत्रफळाचे भाग पाडण्याच्या सर्व शक्य पद्धतींत षट्कोनी जाळे सर्वांत कमी सीमारेषेचे असते, हे प्राचीन काळापासून मानले जात होते. त्याची पूर्ण सिद्धता मात्र अमेरिकी गणिती थॉमस हेल्स यांनी १९९९ साली दिली.

सुसम आकारांपाशी बहुतेक पाठ संपतात आणि 'नीटनेटके आकारच बसतात' असा चुकीचा समज मुलांच्या मनात राहतो. तो काढण्यासाठी आधी त्रिकोण घ्यावा. प्रत्येक मुलाने स्वतःच्या मनाचा, हवा तसा तिरपा त्रिकोण काढावा आणि त्याच्या एकरूप प्रती कापाव्यात. दोन प्रती घेऊन त्यांपैकी एक १८० अंशांतून फिरवावी आणि दोघींची एकच बाजू एकमेकींना चिकटवावी. समांतरभुज चौकोन तयार होतो. समांतरभुज चौकोन एकापुढे एक ठेवले की पट्टी होते आणि पट्ट्या एकीखाली एक ठेवल्या की जमीन झाकली जाते. प्रत्येक बिंदूपाशी त्रिकोणाचे तिन्ही कोन दोन-दोनदा येतात, म्हणजे १८० ची दुप्पट. फळ्याच्या कोपऱ्यातील प्रश्नाचे उत्तर हेच आहे: रांगोळीतील त्रिकोण उंच झाले तरी ते त्रिकोणच राहतात आणि कोणत्याही त्रिकोणाची फरसबंदी होते.

आता वेडावाकडा चौकोन. मुलांना चार बाजूंचा असा आकार काढण्यास सांगावे की ज्याच्या कोणत्याही दोन बाजू समान किंवा समांतर नाहीत. तो बसेल का, असे कापण्यापूर्वीच विचारून हात वर करून घ्यावेत. बहुतेक मुले नाही म्हणतात, कारण चौरसाचा आणि आयताचा नीटनेटकेपणा त्यांच्या डोळ्यांत भरलेला असतो. मग नमुना कापून त्याच्या चार कोपऱ्यांत आतल्या बाजूस क, ख, ग, घ अशी अक्षरे लिहावीत आणि प्रत्येक कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा ठिपका द्यावा. त्यावरून निदान बारा तुकडे कापून सर्वांवर तीच अक्षरे आणि तेच रंग उतरवावेत. चार मुलांचा गट असेल तर हे काम एका तासिकेत आटोपते. एकट्या मुलाला ते कंटाळवाणे होते.

मांडण्याचे नियम दोनच आहेत. पहिला असा की प्रत्येक तुकड्याची छापील बाजू वर राहिली पाहिजे, तुकडा पालथा घालायचा नाही. दुसरा असा की कोणतीही बाजू दुसऱ्या तुकड्याच्या त्याच बाजूलाच लागली पाहिजे, आणि तीही टोके उलटी करून: म्हणजे कख ही बाजू शेजारच्या तुकड्याच्या कख बाजूला लागेल, पण याचा क शेजारच्याच्या ख ला मिळेल. ही जुळणी तुकडा बाजूच्या मध्यबिंदूभोवती १८० अंशांतून फिरवल्यावर आपोआप होते. लहान मुलांना मध्यबिंदूवर पेन्सिलीचे टोक टेकवून तुकडा फिरवून दाखवल्यास चटकन उमगते. या नियमांनी एक तुकडा, त्याच्या चार बाजूंना चार तुकडे, त्यांच्या बाजूंना आणखी, असे मांडत गेले की कोठेही फट न पडता चटई पसरत जाते आणि हात वर न केलेली मुले टेबलाभोवती गोळा होतात.

आता कारण. चार तुकडे जेथे मिळतात तो एखादा बिंदू निवडावा आणि त्याभोवती बोट फिरवावे. समजा, पहिल्या तुकड्याचा क हा कोन तेथे आहे. कख बाजू ओलांडून शेजारी गेलो की, टोके उलटी जुळत असल्यामुळे, त्या बिंदूपाशी शेजारच्याचा ख येतो. त्याची खग बाजू ओलांडली की पुढच्याचा ग येतो, मग गघ ओलांडली की घ, आणि घक ओलांडली की पुन्हा आपण पहिल्या क वर पोहोचतो. म्हणजे त्या बिंदूभोवती चौकोनाचे चारही वेगवेगळे कोन एकेकदा येतात, आणि कोणत्याही चौकोनाच्या चार कोनांची बेरीज ३६० अंश असते. पाठ करून घेतलेला हा गुणधर्म येथे अचानक कामाला लागतो. तपासणीही सोपी होते: प्रत्येक बिंदूपाशी चार रंग दिसलेच पाहिजेत; एखाद्या ठिकाणी एकच रंग दोनदा दिसला तर तेथे तुकडा पालथा पडला आहे किंवा चुकीची बाजू लागली आहे. शिक्षकाला फळ्यापाशी उभे राहूनही ही चूक दिसते.

उत्साही वर्गाला याच ठिकाणी दोन पायऱ्या पुढे नेता येते. एक म्हणजे आत वळलेला, बाणाच्या टोकासारखा चौकोन. त्याचा एक कोन १८० अंशांहून मोठा असतो, तरीही चारही कोनांची बेरीज ३६० च राहते आणि वरील दोन नियमांनी तोही बसतो. मुलांना सर्वांत मोठे आश्चर्य याचेच वाटते. दुसरी पायरी मोजण्याची आहे. मांडलेल्या चटईत एकाच दिशेला तोंड करून असलेले दोन जवळचे तुकडे शोधावेत आणि एका तुकड्याच्या क पासून दुसऱ्याच्या क पर्यंतचे अंतर मोजावे. एका दिशेला ते कग या कर्णाइतके भरते, दुसऱ्या दिशेला खघ या कर्णाइतके. दोन लागोपाठच्या मध्यबिंदूंभोवती अर्धे-अर्धे वळण घेतले की एकूण परिणाम सरळ सरकण्याचा होतो आणि सरकण्याचे अंतर त्या दोन मध्यबिंदूंमधील अंतराच्या दुप्पट, म्हणजेच कर्णाइतके असते. सातवीच्या वर्गात हे सिद्ध करण्याची गरज नाही, मोजपट्टीने पडताळले तरी पुरे.

येथवर आलेल्या मुलांना 'बेरीज ३६० झाली की आकार बसतो' असे वाटू लागते. हा समजही अर्धाच खरा आहे आणि तो वेळीच तपासावा. दोन सुसम पंचकोन आणि एक सुसम दशकोन एका बिंदूपाशी ठेवले तर १०८, १०८ आणि १४४ मिळून बरोबर ३६० होतात. तरीही त्यांची फरसबंदी पुढे सरकत नाही. प्रत्येक बिंदूपाशी हीच रचना हवी असेल तर पंचकोनाच्या एका बाजूला दशकोन, पुढच्या बाजूला पंचकोन, त्यापुढच्या बाजूला पुन्हा दशकोन, अशी पाळी लागली पाहिजे. परंतु पाच ही विषम संख्या असल्याने फेरी पूर्ण होताना दोन सारखे शेजारी लागून येतात आणि पाळी मोडते. याउलट दोन अष्टकोन आणि एक चौरस, म्हणजे १३५, १३५ आणि ९०, ही रचना छान चालते, कारण आठ बाजूंवर पाळी बिनचूक बसते. जुन्या घरांच्या ओसरीवर ही अष्टकोन-चौरसाची फरशी आढळते. मुलांना ती आपल्या गल्लीत शोधून तिचे चित्र काढून आणायला सांगावे. दोन किंवा अधिक प्रकारचे सुसम आकार घेऊन प्रत्येक बिंदूपाशी एकच क्रम राखणाऱ्या अशा फरसबंद्या आठ आहेत. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांचा विचार केला होता. आठही वर्गात करून घेण्याचा अट्टहास नको. दोन-तीन पुरेशा आहेत.

पंचकोनाला एकदा नापास केले म्हणून त्याला सोडून देऊ नये. सुसम पंचकोन बसत नाही, पण चौरसावर त्रिकोणी छप्पर असलेला घराचा आकार हाही पंचकोनच आहे आणि तो सहज बसतो: दोन घरे पायाला पाया लावून एक सुलटे, एक उलटे ठेवायचे आणि तयार झालेला लांबट षट्कोन सरकवत जायचे. बाहेर फुगीर असलेल्या, म्हणजे बहिर्वक्र, ज्या पंचकोनाच्या दोन बाजू समांतर आहेत असा प्रत्येक पंचकोन जमीन झाकतो. आणखी कोणते पंचकोन बसतात, या प्रश्नाने गणितज्ञांना सुमारे शंभर वर्षे गुंतवून ठेवले. कार्ल राइनहार्ट यांनी १९१८ साली पाच प्रकार दिले. रिचर्ड कर्शनर यांनी १९६८ साली आणखी तीन दिले आणि यादी पूर्ण झाली असे मानले गेले. १९७५ साली हा विषय एका लोकप्रिय विज्ञान मासिकात छापून आला, तेव्हा एका वाचकाने नववा प्रकार कळवला. तो लेख अमेरिकेतील सॅन डिएगो येथील मार्जोरी राइस या गृहिणीनेही वाचला. त्यांचे गणिताचे शिक्षण शाळेपुरतेच होते. त्यांनी कोन आणि बाजूंसाठी स्वतःची चिन्हे तयार केली आणि घरकामातून वेळ काढून चार नवे प्रकार शोधले. चौदावा प्रकार १९८५ साली आणि पंधरावा २०१५ साली सापडला. २०१७ साली फ्रान्समधील मिकाएल राव यांनी संगणकाच्या साह्याने दिलेल्या सिद्धतेनुसार बहिर्वक्र पंचकोनांचे प्रकार पंधराच आहेत. बहिर्वक्र षट्कोनांचे प्रकार तीनच आहेत आणि सात किंवा अधिक बाजूंच्या बहिर्वक्र आकाराने फरसबंदी होऊच शकत नाही. मार्जोरी राइस यांची गोष्ट वर्गात अवश्य सांगावी, ती मुलांपेक्षा त्यांच्या आयांना अधिक आवडते.

सरडे आणि मासे काढण्याची वेळ आता आली आहे. सर्वांत सोपी रीत चौरसापासून सुरू होते. ६ सेंटीमीटर बाजूचा चौरस घ्यावा. त्याच्या डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत आतल्या अंगाने एक वळणदार रेषा काढून तो तुकडा कापावा आणि न फिरवता, न पालथा घालता, सरळ उजवीकडे सरकवून उजव्या बाजूला बाहेरून चिकटपट्टीने जोडावा. हेच वरच्या आणि खालच्या बाजूंसाठी करावे. डावीकडे जेथे खळगा पडतो तेथेच उजवीकडे तेवढाच फुगवटा येतो, त्यामुळे शेजारचा तुकडा नेमका आत बसतो. क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटीमीटरच राहते, कारण काही टाकले नाही आणि काही वाढवले नाही. मुले दोन ठिकाणी हमखास अडखळतात: कापलेला तुकडा जोडताना वर-खाली सरकतो, किंवा तो आरशातल्याप्रमाणे उलटा जोडला जातो. सरकण्यावर उपाय म्हणून समोरच्या बाजूवर आधीच पेन्सिलीने खुणा करून घ्याव्यात. उलटण्यावर उपाय लग्नपत्रिकाच देते.

दुसरी रीत अधिक कसदार आहे आणि ती वेड्यावाकड्या चौकोनातूनच निघते. त्याच्या बाजू मध्यबिंदूभोवतीच्या अर्ध्या वळणाने जुळतात, हे आपण पाहिले. तेव्हा सरळ बाजूच्या जागी अशी कोणतीही वक्र रेषा चालेल की जी मध्यबिंदूभोवती १८० अंशांतून फिरवल्यावर स्वतःवरच येऊन बसते. कृती सोपी आहे: एका कोपऱ्यापासून मध्यबिंदूपर्यंत हवी तशी रेषा काढावी, ती ट्रेसिंग पेपरवर उतरवावी, मध्यबिंदूवर टाचणी टोचून कागद अर्धा फिरवावा आणि उरलेल्या अर्ध्या बाजूवर तीच रेषा छापावी. मध्यबिंदूच्या अलीकडे रेषा बाहेर गेली असेल तर पलीकडे ती आत येते. चारही बाजूंना चार वेगवेगळ्या रेषा दिल्या तरी फरसबंदी मोडत नाही, आणि चौकोन मुळात वाकडा असल्यामुळे मिळणारी आकृती चौरसापासून काढलेल्या आकृतीपेक्षा कितीतरी जिवंत दिसते. प्राणी आधी ठरवून रेषा काढू नयेत. रेषा काढून झाल्यावर आकृती चारही बाजूंनी फिरवून पाहावी आणि मुलांना जे दिसेल ते रंगवू द्यावे. एकाच आकृतीत एकाला पोपट दिसतो, दुसऱ्याला बेडूक, आणि वर्ग दोन तट पडून भांडतो, हे या तासाचे लक्षण चांगले समजावे. नेदरलँड्सचे चित्रकार एम. सी. एशर यांनी स्पेनमधील ग्रॅनाडा येथील अल्हाम्ब्रा राजवाड्याला १९२२ आणि १९३६ साली भेट देऊन तेथील भूमितीय फरश्या अभ्यासल्या आणि पुढे मासे, पक्षी, सरडे यांच्या फरसबंद्या रचल्या, हे या टप्प्यावर सांगितले की मुलांना त्या चित्रांमागील हिशेब दिसू लागतो.

मूल्यमापन करताना रंगकामाला गुण देण्याचा मोह आवरावा. मुलाच्या हाती त्याने न पाहिलेला एखादा आकार द्यावा आणि तो बसेल की नाही, व का, एवढेच दोन वाक्यांत विचारावे. साताऱ्याकडच्या घरांत जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची वाकळ असतेच. तिच्यातील चौरस आणि अर्ध्या चौरसाचे त्रिकोण पाहून प्रत्येक जोडबिंदूपाशी कोणते कोन येतात ते लिहून आणणे हा गृहपाठ पाठ्यपुस्तकातील कोणत्याही उदाहरणाच्या तोडीचा आहे.

वर्गातील एक-दोन मुले यानंतरही विचारतात की यात शोधायचे काही उरले आहे का. त्यांच्यासाठी अलीकडची एक घटना आहे. आतापर्यंतच्या आपल्या सर्व नक्ष्या ठरावीक अंतर सरकवल्यावर स्वतःवरच येऊन बसणाऱ्या होत्या. जमीन झाकतात पण कसेही मांडले तरी अशी पुनरावृत्ती होऊच देत नाहीत असे आकार असतात का, या प्रश्नावर ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९७० च्या दशकात दोन आकारांचा संच दिला होता. परंतु हे काम करणारा एकच आकार कोणाला सापडत नव्हता. इंग्लंडमधील यॉर्कशायर येथील डेव्हिड स्मिथ या छपाईच्या व्यवसायातून निवृत्त झालेल्या गृहस्थांना तो २०२२ च्या अखेरीस सापडला. त्यांनी संगणकाबरोबरच पुठ्ठ्यातून तुकडे कापून ते टेबलावर मांडून पाहिले होते. तीन गणितज्ञांसोबत त्यांनी मार्च २०२३ मध्ये हा शोध जाहीर केला. टोपीसारखा दिसणारा हा १३ बाजूंचा आकार मुलांच्या आवाक्याबाहेरचा मुळीच नाही: षट्कोनाच्या मध्यापासून सहाही बाजूंच्या मध्यबिंदूंपर्यंत रेषा काढल्या की पतंगासारखे सहा चौकोन मिळतात आणि असे आठ पतंग जोडून ही टोपी बनते. म्हणजे '७ ते ४' ची रांगोळी आखलेल्या कागदावरच ती काढता येते.

ही टोपी मांडताना मात्र आपला पहिला नियम मोडावा लागतो. काही तुकडे पालथे घातल्याशिवाय ती जमीन झाकत नाही. लग्नपत्रिकांतून कापलेल्या टोप्या नीट मांडल्या तर छापील तुकड्यांमध्ये साधारण सातास एक या प्रमाणात कोरा तुकडा दिसतो. ही उणीव काही महिन्यांतच त्याच चौघांनी दूर केली. त्यांनी दुसरा एक आकार घेऊन त्याच्या सरळ बाजूंच्या जागी वक्र रेषा दिल्या, त्यामुळे पालथा तुकडा सुलट्या तुकड्यांत बसूच शकत नाही आणि सर्व तुकडे एकाच बाजूने वर राहूनही नक्षीची पुनरावृत्ती कधी होत नाही. ट्रेसिंग पेपर आणि टाचणी घेऊन बाजू वक्र करण्याचे काम मुलांनी केलेलेच असल्याने, हा आकार हाती आल्यावर त्याच्या वक्र बाजू पालथा तुकडा का अडवतात, हे त्यांना स्वतःच तपासून पाहता येते.